बिनखिळ्याची खाट

ऑक्सिजनचं सिलिंडर परत करून अनुपमा घरी आली, तेव्हा पुढच्या खोलीत खाट नव्हती. फरशीवर चार गोल खुणा तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्यांच्या मधली फरशी बाकीच्यापेक्षा उजळ दिसत होती.

सिलिंडर दुसऱ्या कुणाला तातडीने हवं होतं, दुकानातून सारखे फोन येत होते, म्हणून बाबांच्या तेराव्याचे विधी चालू असतानाच तिला जावं लागलं होतं. जाताना खाट जागच्या जागी होती. भिंतीशी, खिडकीकडे डोकं करून.

"खाट कुठे आहे?"

ईशान, तिचा धाकटा भाऊ, फोनवर फर्निचरवाल्याशी भांडत होता. त्याने हातानेच थांब म्हटलं. उत्तर स्वयंपाकघरातून आत्याने दिलं.

"गेली गं, सुखरूप गेली. गुरुजींनी टेम्पो आणला होता ना अकोल्याहून, त्यातूनच गेली." आशाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. बाबांच्या, म्हणजे चिंतामणरावांच्या, या थोरल्या बहिणीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समाधान दिसत होतं. "असं शय्यादान आपल्या घराण्यात कुणाचं झालं नसेल. चिंतूला त्याचीच खाट मिळाली."

शय्यादानासाठी ईशानने नवा पलंग मागवला होता. गेलेल्याला पुढच्या वाटेवर पाठ टेकायला जागा असावी, म्हणून गादी, उशी, छत्री, पायताणं यांच्यासकट खाट ब्राह्मणाला द्यायची, एवढं त्याला आत्याने सांगितलं होतं. लाकडीच हवी, हे सांगायचं राहिलं. दुकानातून आला तो लोखंडी सांगाड्याचा पलंग. गुरुजी पाटावरून उठायलाच लागले. लोखंडाचं शय्यादान होत नाही, म्हणाले. ऊन चढत होतं. मग आत्यालाच सुचलं. चिंतू नेहमी सांगायचा, या खाटेत एकही खिळा नाही.

ते खरं होतं. चिंतामणरावांनी ती खाट इजिप्तच्या जुन्या पद्धतीने केली होती. खाचेत कूस, म्हणजे लाकडाचं तासलेलं टोक, बसवून, सांधे दोरीने आवळून.

कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता माणसाला एकेक वेड लागतं, तसं त्यांना बसण्या-झोपण्याच्या वस्तूंचं लागलं होतं. राजांची सिंहासनं सगळ्यांना माहीत असतात, म्हणायचे, पण माणसं रात्री कशावर पडत होती ते कुणी विचारत नाही. निवृत्तीनंतर ते सुतारकामच शिकले. रुक्मिणीनगरातल्या त्या पुढच्या खोलीत घडीचं मिसरी, म्हणजे इजिप्तचं, आसन होतं. बाहेर वळलेल्या पायांची ग्रीक खुर्ची होती. औदुंबराची, मुंजगवताने विणलेली वैदिक आसंदी होती. आलेल्या माणसाला ते विचारायचे, "बोला, कुठल्या देशात बसता?" पोस्टमन नेहमी ग्रीसमध्ये बसायचा.

खाट सगळ्यात शेवटी झाली. इजिप्तमध्ये मोठं लाकूड नव्हतं. चांगलं हवं तर समुद्रापलीकडून आणायचं, नाहीतर गावातली बाभूळ वापरायची. "म्हणजे आपल्यासारखंच," असं म्हणून त्यांनी तिवशाकडून बाभळीच्या फळ्या आणल्या. चार पाय सिंहाचे. चारही पंजे एकाच दिशेला, जणू खाट चालत निघाली आहे. पंज्यांखाली लाकडाच्या गोल गाद्या. डोक्याकडे काही नाही, मोकळं. उभी फळी असते ती पायांकडे. आणि सगळी चौकट डोक्याकडून पायांकडे किंचित उतरती.

त्या उतारामुळेच शेवटचे महिने ते तिच्यावर झोपले. फुप्फुसं निकामी होत चालली होती. भाड्याने आणलेला दवाखान्याचा पलंग त्यांनी दोन रात्रींत परत पाठवला. या खाटेवर श्वास जरा घेता येतो, म्हणाले.

"परत आणायची," अनुपमा म्हणाली.

आशाबाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या खालीच बसल्या. "दिलेलं दान परत? अनू, पाणी सोडलंय त्याच्यावर. तो बिचारा आत्ता कुठे आडवा झाला असेल गं."

यावर जे सांगता आलं असतं, ते अनुपमाने गेले तेरा दिवस तोंडातून काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईशानने गाडी काढली. गुरुजींनी फोन एकदाच उचलला होता. "खाट कामात आहे," एवढंच म्हणून ठेवून दिला. त्या उत्तराने ईशानही बेचैन झाला होता.

बडनेरा मागे पडलं. मार्चचं ऊन, रस्त्याच्या कडेला उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचे ढीग. मूर्तिजापूर ओलांडल्यावर ईशान म्हणाला, "ताई, आठवणच हवी तर खुर्ची आहे, आसंदी आहे. खाटेवाचून काय अडलंय?"

"बाबा तिच्यावर गेले."

"गेले म्हणजे? तू त्यांना खाली घेतलं होतंस ना?"

"नाही."

पुढे सरकीचा ट्रक होता. ईशानने ओव्हरटेक करायला घेतलेली गाडी पुन्हा मागे घेतली.

"आत्याला तर तू सांगितलंस..."

"आत्याने फोनवर तेच पहिलं विचारलं. खाली घेतलं होतं ना, गंगाजल दिलं होतं ना. मी हो म्हटलं. सत्तरी उलटलेली बाई, एकटी बसमध्ये बसून यायची होती. काय सांगायला हवं होतं मी?" ती खिडकीबाहेर बघत होती. "उचलणार होते मी. शेजारचे येऊन उभे होते. बाबांनी मान हलवली. म्हणून नाही उचललं. तू पोचलास तोवर शेजाऱ्यांनी खाली घेतलं होतं."

ईशान बंगळुरूला राहात असला तरी वऱ्हाडातच वाढला होता. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. माणूस जाणार असं दिसलं की त्याला भुईवर घेतात. नाहीतर जीव खाटेत अडकतो म्हणतात. आणि तशी खाट कुणी घरात ठेवत नाही. तोडतात, गावाबाहेर नेऊन जाळतात. दान तर लांबच.

"म्हणजे आपण गुरुजींना ती खाट दिली," तो सावकाश म्हणाला.

"तू दिलीस. तुला माहीत नव्हतं."

"थँक यू." थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "मग आता एकच कर. तोंड उघडू नकोस. कळलं तर पहिल्यांदा ती खाट जाळतील, नंतर आपल्याला विचारतील. गुरुजींना नवी लाकडी खाट घेऊन देतो, ही गाडीवर बांधतो, आणि जातो घरी."

अनुपमाने मान डोलावली. तिलाही तेवढंच हवं होतं. तिने ठरवलंही होतं. पुढच्या खोलीत खाट पुन्हा त्या चार खुणांवर ठेवायची. वर कुणी बसायचं नाही. मिसरी लोकांच्या खाटा तीन-साडेतीन हजार वर्षं टिकल्या, कारण त्यांनी त्या मेलेल्यांजवळ कोरड्या जागी ठेवल्या आणि पुन्हा हात लावला नाही. ग्रीकांच्या खुर्च्या कुजल्या, भांड्यांवरच्या चित्रांत राहिल्या. आपल्या तर शब्दांतच. बाबा हे सांगताना हसायचे. ज्यांनी मेलेल्यांना सामान दिलं त्यांचं सामान उरलं, ज्यांनी जाळलं त्यांची वर्णनं उरली.

जठारपेठेत एका किराणा दुकानामागे प्रल्हादगुरुजींचं घर होतं. ओसरीत छत्र्यांचा भारा, कोऱ्या चपलांचे जोड, कंदील, तांब्याचे तांबे. अकोल्यात आणि आसपास गेलेल्या माणसांचं वाटेवरचं सगळं सामान तिथे येऊन थांबलं होतं. गुरुजी स्कूटरला किक मारत होते. दोघांना पाहून त्यांनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.

"खाट इथे नाही," ते स्वतःच म्हणाले. "कौलखेडला आहे. खुशालरावांकडे. तरुण मुलगा गेला त्यांचा, आज तेरवी आहे. तिकडेच निघालो आहे."

"आमची खाट त्यांच्याकडे कशी?" ईशानने विचारलं.

गुरुजींनी कपाळ पुसलं. "साहेब, या घरात माणसं दोन. येईल त्या प्रत्येक खाटेवर झोपायचं तर मला घर नको, धर्मशाळा पाहिजे. खाटा येतात, खाटा जातात. त्यांना ऐन वेळी लाकडी खाट मिळेना. माझ्याकडे ही होती. ते ती मलाच देणार, म्हणजे दुपारपर्यंत ती परत इथे येणार." ते अनुपमाकडे वळले. त्यांच्या आवाजात खरीच अजिजी होती. "तुम्हाला हवी असेल तर दुपारी घेऊन जा, ताई. बदल्यात दुसरी द्या, नाहीतर देऊही नका. फक्त तिथे एक शब्द बोलू नका. दुःखाचं घर आहे. त्यांना ती नवी आहे असं वाटतंय."

"आम्ही गाडीतच थांबू," ईशान म्हणाला.

गुरुजींनी पुन्हा किक मारली, आणि मग तशीच सोडली. "एक विचारून ठेवतो. खाट शुद्ध आहे ना? म्हणजे तिच्यावर काही तसं..."

"शुद्ध आहे," ईशान म्हणाला.

अनुपमा छत्र्यांकडे बघत राहिली.

कौलखेडच्या त्या गल्लीत मांडव घातला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. ईशानने गाडी लिंबाखाली लावली आणि इंजिन बंद केलं. काच उघडी होती. मांडवाच्या मधोमध खाट होती. अनुपमाला आधी पंजे दिसले.

कुणाच्या तेरवीला आलेलं माणूस गाडीत बसून राहू शकेल, हा ईशानचा अंदाज मात्र चुकला. हिरव्या लुगड्यातली एक थोराड बाई सरळ गाडीपाशी आली. डोळे रडून रडून कोरडे झालेले.

"गुरुजीच्या घरचे का जी तुमी? उतरा. तेरवीच्या घरी कोनी दारात थांबते का?"

"नाही, आम्ही जरा..."

"जरा काई नाई. चाल व बाई." तिने दार उघडून अनुपमाचं मनगट धरलं. हीच पार्वताबाई, गेलेल्या मुलाची आई, हे मांडवात शिरताना बाजूच्या बायकांनी वाट दिली त्यावरून कळलं.

खाटेवर नवी गादी घालून झाली होती. पंचविशीतली एक मुलगी, कपाळ मोकळं, चादरीची घडी उलगडत होती. गेलेल्या नितेशची बायको, अपेक्षा. एका पाटावर त्याच्यासाठी घेतलेला शर्ट, छत्री, बूट. चादर अंथरून तिने उशी उचलली आणि उभ्या फळीला टेकवून ठेवली. मग लांबून पाहिलं. चादर पुन्हा ओढली, उशीची कड सरळ केली. इतक्या निगुतीने, की अनुपमाला राहवलं नाही.

"उशी त्या बाजूला नाही," ती म्हणाली. "ती पायांची बाजू आहे. तसं झोपलं तर डोकं खाली येतं."

गुरुजी पळीपंचपात्र मांडत होते, त्यांचा हात तसाच राहिला.

"फळी त उशाशीच रायते ना," अपेक्षा म्हणाली.

"या खाटेची पायाशी असते. चौकट उतरती आहे. हात लावून बघा."

अपेक्षाने हात लावून पाहिला. मग अनुपमाकडे पाहिलं. "तुमाले कसं मालूम?"

"माझ्या वडलांनी केली आहे ही."

"म्हंजे नवी नाई का खाट?" पुरुषांच्या बाजूने खुशालराव उठले. उंच, वाळलेले, खांद्यावर पंचा. "गुरुजी?"

"दानात आलेली आहे. दानाची वस्तू म्हणजे शुद्धच हो," गुरुजी घाईने म्हणाले. "वेळ जाऊन राहिली आहे, बसा, संकल्प..."

अपेक्षाचं गुरुजींकडे लक्ष नव्हतं. "तुमचे वडील झोपत का याच्यावर?"

"हो."

"आता कुठं हायेत ते?"

"गेले."

"याच्यावरच?"

तिने ते भांडायला विचारलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं. ईशान मांडवाच्या कडेला येऊन उभा होता. "ताई," तो हलकेच म्हणाला. फक्त एक नाही म्हणायचं होतं. दुपारपर्यंत खाट गाडीवर असती. तेरा दिवसांपूर्वी फोनवर तिला हो म्हणायला क्षणही लागला नव्हता. पण तो फोन होता. इथे मुलीचा हात अजून चादरीवर होता.

"हो, याच्यावरच," अनुपमा म्हणाली. "आम्ही त्यांना खाली घेतलं नाही."

सगळेच एकदम बोलायला लागले. बायका पदर सावरत मागे सरकल्या. "बाहेर काढा ते!" कुणीतरी ओरडलं. "नाल्याकडं नेऊन जाळा!" खुशालरावांनी उशी उचलून फेकली आणि फळीलाच हात घातला. दोन माणसं पुढे धावली. एकाने उशाकडची कड धरली, आणि खाट उचलताना दोरीचा सांधा करकरला.

"मला सांगितलं शुद्ध आहे म्हणून!" गुरुजी ईशानकडे बोट करून म्हणत होते. "यांनी सांगितलं, या साहेबांनी!"

"हो, मी सांगितलं," ईशान म्हणाला.

अनुपमाने खाटेचा पाय धरला होता. केव्हा धरला ते तिला कळलं नव्हतं. ती अर्धवट बसलेली, दोन्ही हात पंज्याभोवती, आणि वरून माणसं ओढत होती. "सोडा बाई," एकजण दरडावत होता, "हात सापडंन." तिने सोडला नाही. तिला एवढंच दिसत होतं की आणखी एक हिसका बसला तर कूस खाचेतून निघेल.

"थांबा मामाजी."

सुनेचा आवाज सासऱ्यासमोर एवढा चढलेला त्या घरात कुणी ऐकला नसावा. माणसांनी खाट खाली ठेवली. अपेक्षा अनुपमाच्या समोर उकिडवी बसली.

"लय तरास झाला का त्यायले?"

"झाला," अनुपमा म्हणाली. "श्वास पुरायचा नाही. इथे डोकं उंच राहातं, म्हणून जरा बरं वाटायचं."

"अन् शेवटी?"

"शेवटी माझा हात धरला होता. मग बोटं सैल झाली."

"जवळ होतं मंग कोनी," अपेक्षा म्हणाली.

पार्वताबाई इतका वेळ मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. ती पुढे आली. खाटेवरची विस्कटलेली चादर तिने एका हाताने सरळ केली.

"गुरुजी," ती म्हणाली, "खाटेवर जीव गेला त वाईट. भुईवर गेला त चांगला. असंच हाये ना तुमचं?"

"शास्त्र तसं सांगतं, बाई."

"माहं पोरगं भुईवरच गेलं. नागपूरहून येऊन रायलं होतं, तिवशाजवळ गाडीनं उडवलं. खाली घ्यायचा सवालच नोता, खालीच होता तो. डांबरावर. गाड्या बाजूनं जाऊन रायल्या होत्या." तिचा आवाज चढला नाही. "लय चांगलं झालं का मंग त्याचं? सांगा ना जी."

"पारू," खुशालराव म्हणाले.

"तुमी गप राहा. त्याले टेकाले काईच भेटलं नाई. कोनाचा हात भेटला नाई. हे अशी खाट हाये का ज्याच्यावर मानूस हात धरून गेलं, त मले हेच पायजे. नवी नाई पायजे मले."

"बाई, ते ठीक आहे," गुरुजी म्हणाले, "पण ही मी घेऊ शकत नाही. घ्यायची म्हणजे तुमच्या घराच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांदेखत तिच्यावर पडायचं. उद्या गावभर होईल. मला पुढे कोण बोलावील?"

खुशालरावांच्या घराण्यात खाट घेणाऱ्याने तिच्यावर एकदा आडवं होऊन दाखवायचं, अशी रीत होती. तो झोपला की गेलेला झोपला. पार्वताबाईने मांडवभर नजर फिरवली. जावई खांबामागे सरकला. भाचे एकमेकांकडे बघू लागले. ऊन मांडवाच्या मधोमध यायला लागलं होतं, आणि आता कुणीही काहीही न करता वेळ निघून जाईल, हे सगळ्यांना दिसत होतं.

"मंग हे बाई घेईन," पार्वताबाई म्हणाली. तिचं बोट अनुपमाकडे होतं.

ईशान लगेच पुढे येऊन तिच्याकडे वाकला. "घे, ताई. हेच तर हवं होतं आपल्याला."

नेमकं तेच ऐकून ती थबकली. हवं होतंच. हात पुढे केला की खाट तिची, आणि आता कुणाशी खोटंही बोलावं लागणार नव्हतं. पण ती जी न्यायला आली होती, ती बाबांची खाट होती. ही मिळणार होती नितेशची. एकदा हातावर पाणी पडलं की रुक्मिणीनगरातल्या त्या चार खुणांवर ती ठेवली तरी ती याच मुलाची असणार होती, ज्याचा चेहरादेखील तिने पाहिला नव्हता.

"मी हे मानत नाही," ती पार्वताबाईला म्हणाली. "तुम्हाला फसवून घ्यायची नाही मला."

"तू मानू नको. तुह्या मानन्याचं काई नाई. तो झोपला पायजे."

"अन् नेऊन ठेवून देसान नुसती, त नका नेऊ," अपेक्षा म्हणाली. ती उभी राहिली होती, फेकलेली उशी तिने उचलून आणली होती. "देव्हाऱ्यासारखी नाई ठेवाची. तुमी झोपाचं त्याच्यावर. रोज. वरीसभर तरी."

आपण खाट कशी ठेवणार होतो, हे या मुलीला कसं समजलं, असं अनुपमाला वाटून गेलं. मग वाटलं, समजलं नसेल. तिनेही नितेशचं काहीतरी तसंच ठेवायचं ठरवलं असेल, आणि ते किती जड जातं ते तिला या तेरा दिवसांत कळलं असेल.

बाबांच्या जागी पाठ टेकायची. रोज. या एका गोष्टीपासून ती पळत होती. ते गेल्यापासून ती स्वयंपाकघरात चटईवर झोपत होती.

"झोपेन," ती म्हणाली.

गुरुजी अजून उभेच होते. "बाईच्या हातावर पाणी म्हणजे..."

"गुरुजी," खुशालराव म्हणाले. त्यांनी पंचा डोळ्यांवरून फिरवला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. "तुमी नवी म्हनून जुनी आनली, त्याचं मी बोललो का अजून? मंतर म्हना."

गुरुजी बसले. मंत्र म्हणताना त्यांचा आवाज आधी जरा अडखळला, मग नेहमीच्या लयीला लागला. खुशालरावांच्या हातातून पाणी अनुपमाच्या ओंजळीत पडलं. नितेशचं नाव, गोत्र, त्याच्या बापाचं नाव. "स्वस्ति म्हणा," गुरुजी म्हणाले. तिने म्हटलं. ओंजळीतलं पाणी बोटांतून मनगटावर ओघळलं.

अपेक्षाने उशी यावेळी मोकळ्या बाजूला ठेवली.

अनुपमाने चपला काढल्या. इतक्या अनोळखी माणसांसमोर आडवं व्हायला तिला विलक्षण संकोच वाटत होता. ती आधी कडेवर बसली, मग हळूच कलंडली, अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन. नव्या गादीखाली दोरी जराशी दबली. वर मांडवाचं कापड होतं, त्यातून ऊन गाळून येत होतं. तिने डोळे मिटले नाहीत.

पार्वताबाई पायांशी येऊन उभी राहिली. तिने अनुपमाच्या घोट्यावर हात ठेवला.

"पाय लांब कर, बाई," ती म्हणाली. "उंच होता तो."

अनुपमाने पाय लांब केले.